गुण की गरज?

माणसाने सात समुद्र ओलांडून परदेशी जावे आणि तिथे जाऊन टेलिव्हिजनसमोर ठाण मांडून बसावे, यापरता करंटेपणा नाही, असे माझे फार जुने मत. एप्रिल २०२३ मध्ये तो करंटेपणा माझ्याच हातून घडला. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. भाऊजींना आता दगदग सोसत नाही, भाच्याला कचेरीतून हलता येत नाही, तेव्हा "येतोस का रे चार आठवडे?" असा ताईचा फोन आला आणि मी रजा टाकून मिलवॉकीला गेलो. हे गाव शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी आहे. एप्रिल संपत आला तरी सरोवरावरून येणारा वारा कान बधिर करून टाकीत होता, त्यामुळे बाहेर हिंडण्याची सोय नव्हती. सकाळी ताईकडून व्यायाम करवून घ्यायचा, दुपारी वरणभाताचा कुकर लावायचा आणि संध्याकाळी भाऊजींशी जुन्या नाटकांवरून वाद घालायचा, असा माझा दिनक्रम ठरून गेला होता.

त्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी भाचा नेहमीपेक्षा लवकर घरी आला. अंगात हिरवापिवळा सदरा, दोन्ही हातांत खाण्याच्या पुड्या. मी विचारले, "काय रे, आज मॅच आहे वाटतं?"

"मॅच सप्टेंबरात, मामा. आज ड्राफ्ट आहे."

ड्राफ्ट म्हटल्यावर मला दोनच गोष्टी आठवतात. एक बँकेतून काढायचा तो, आणि दुसरा प्राचार्यांच्या पत्राचा मी करून द्यायचा तो. हा तिसरा ड्राफ्ट काय, हे समजून घेण्यात माझा पाऊण तास गेला. पण तो पाऊण तास मला पुढे चांगलाच महागात पडला, म्हणून आधी तेच सांगतो.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. त्यात पायाचा संबंध थोडा आणि खांद्याचा फार. मैदानात एका वेळी अकरा गडी असतात हे खरे, पण चढाई करणारे अकरा निराळे, बचाव करणारे अकरा निराळे आणि नुसती चेंडूला लाथ मारण्यापुरता येऊन परत जाणारा गडी आणखी निराळा. दीडशे किलो वजनाचा एखादा पहाड सबंध आयुष्यात चेंडूला हातही लावीत नाही. समोरचा पहाड अडवून धरणे एवढेच त्याचे काम. या सगळ्या पसाऱ्याचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हाती येतो, आणि तो कुणाकडे, केव्हा, किती लांब फेकायचा हे त्याने दोनतीन सेकंदांत ठरवायचे. संघात असा माणूस एका वेळी एकच खेळतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

धंदेवाईक संघ बत्तीस. दर वर्षी महाविद्यालयांतून खेळून बाहेर पडणारी मुले या बत्तिसांत वाटून द्यायची, त्या वाटपाचे नाव ड्राफ्ट. गेल्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली, आणि जो अजिंक्य ठरला त्याची शेवटची. अशा सात फेऱ्या, तीन दिवस. त्या वर्षी, २०२३ मध्ये, पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचार करायला दहा मिनिटे मिळत होती. नाव पुकारले की मुलगा त्या गावचा झाला. त्याला कुणी विचारीत नाही. आपल्याकडच्या क्रिकेटच्या लिलावात निदान बोली तरी लागते. इथे सारा मामला जुन्या काळच्या लग्नासारखा.

ही पद्धत निघाली १९३६ साली. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना. श्रीमंत संघांनीच दर वर्षी चांगले खेळाडू पळवू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. एका हॉटेलात नऊ संघांचे लोक जमले, फळ्यावर नव्वद नावे लिहिली आणि निवड सुरू झाली. पहिले नाव निघाले जे बरवँगर या त्या वर्षीच्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे. गंमत अशी की हा पठ्ठ्या धंदेवाईक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पैशाचे जमले नाही, आणि तो पुढे रबराच्या वस्तू विकण्याच्या धंद्यात गेला. म्हणजे या निवडपद्धतीने निवडलेला पहिलाच नवरदेव बोहल्यावरून उठून गेला!

तर त्या गुरुवारी आम्ही तिघे पडद्यासमोर बसलो होतो. ताई पलीकडच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती आणि तिथूनच अधूनमधून "फार ओरडू नका रे" म्हणत होती. आमच्या घराचा संघ अर्थात ग्रीन बे पॅकर्स. मिलवॉकीपासून दोनेकशे किलोमीटरांवरचे ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. या संघाला कुणी एक धनी नाही. त्याचे भाग लाखो सामान्य लोकांनी घेतलेले आहेत. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, मिळतो तो फक्त बोलण्याचा हक्क. भाचाही एक भागधारक होता आणि तो हक्क पुरेपूर बजावीत होता.

वाद बापलेकांत होता आणि तो दर वर्षी ठरलेला असावा. भाच्याचे म्हणणे असे की, आपली पाळी आली की उरलेल्यांत जो सर्वांत गुणी असेल तो उचलावा. तो कुठल्या जागी खेळतो, त्या जागी आपल्याकडे कोण आहे, हे पाहू नये. भाऊजी सगळा जन्म कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात काढलेले. ते म्हणाले, "घरात कणीक संपली असताना केशर आणणारा माणूस रसिक असेल, पण त्याची बायको जेवायला काय वाढणार? आपल्याला चेंडू झेलणारा गडी नाही. झेलणारा घ्या."

मी तत्काळ भाऊजींच्या बाजूचा झालो. इतका तत्काळ, की त्यांनीसुद्धा चमकून पाहिले.

"मामा, तुला २००५ माहीत नाही," भाचा म्हणाला, आणि त्याने जी हकीकत सांगितली ती अशी.

२००५ साली ग्रीन बेचा क्वार्टरबॅक होता ब्रेट फार्व्ह. पस्तिशीचा, पण १९९२ पासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. गावाचा देवच. त्या वर्षी ड्राफ्टसाठी न्यू यॉर्कला बोलावलेल्या मुलांत कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स होता. तो पहिल्या क्रमांकाने जाईल अशी बोलवा होती. पहिली पाळी सॅन फ्रान्सिस्कोची. हा मुलगा लहानपणापासून त्याच संघाचा भक्त. त्यांनी घेतला दुसराच. मग एकामागून एक नावे पुकारली जाऊ लागली. कुणाला क्वार्टरबॅक नको होता, कुणाला हा नको होता. निवडलेल्या मुलांना बसवतात त्या खोलीतली टेबले रिकामी होत गेली आणि नवा सूट घातलेला हा पोरगा चार तासांहून अधिक वेळ तसाच बसून राहिला; कॅमेरे मिनिटामिनिटाला त्याचाच चेहरा दाखवीत होते. चोविसावी पाळी ग्रीन बेची. ज्या एका जागेवर त्यांना माणसाची मुळीच गरज नव्हती, नेमक्या त्याच जागेवरचा हा खेळाडू. संघाचे व्यवस्थापक टेड टॉमसन यांनी तोच घेतला.

"मी नऊ वर्षांचा होतो," भाचा म्हणाला. "बाबा इतके चिडले की त्यांनी टीव्हीच बंद केला."

"केला होता," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आणि तीन वर्षं माझंच खरं होतं."

रॉजर्स तीन हंगाम बाकावर बसून राहिला. २००८ साली फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग ती परत घेतली, आणि अखेर त्याला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवण्यात आले. रॉजर्स मैदानात आला. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने ग्रीन बेला अजिंक्यपद मिळवून दिले, आणि पुढे चार वेळा तो सबंध लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

भाच्याच्या बाजूचा पुरावा इतका सज्जड होता की मी गप्प बसायला हवे होते. पण मी वाद घातला. म्हटले, एका यशावरून नियम काढता येत नाही. संस्था चालवायची तर आजचे काम आज व्हावे लागते. बाकावर बसलेल्या गुणांचा उपयोग काय? भाचा हसून म्हणाला, "मामा, तू फुटबॉलबद्दलच बोलतोयस ना?"

त्या संध्याकाळी ग्रीन बेने तेराव्या पाळीला आयोवा विद्यापीठाचा लुकास व्हॅन नेस हा बचावफळीतला गडी घेतला. झेलणारा नाहीच. भाऊजी उठून कढी गरम करायला गेले. मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. या मुलाला त्याच्या विद्यापीठाने एकाही सामन्यात सुरुवातीला मैदानावर उतरवले नव्हते. तो नेहमी दुसऱ्याच्या बदली येई.

रात्री झोप आली नाही. परदेशी गेलेला माणूस अशा वेळी घड्याळाला दोष देतो. माझे घड्याळ एव्हाना जुळले होते. झोप न येण्याचे कारण २०१९ चा जून महिना हे होते.

त्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात मराठीसाठी तासिका तत्त्वावर एक माणूस घ्यायचा होता. मुलाखतीला अकरा उमेदवार आले, दोन उरले. एक तरुण वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम केलेला, मुद्रितशोधनात तरबेज, संगणकावर मराठी झरझर टंकणारा. वाणिज्य शाखेच्या व्यावहारिक मराठीच्या तासांना आमच्याकडे कुणी नव्हते, त्या जागी हा अगदी बेतून शिवल्यासारखा बसत होता. दुसरी एक मुलगी होती. आडगावची, साधी, दोन बस बदलून आलेली. तिचा विषय महानुभावांचे गद्य. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तिला लीळाचरित्रातला एक उतारा वाचून दाखवायला सांगितला. म्हाइंभटांच्या या तेराव्या शतकातल्या ग्रंथाचे मी वर्षानुवर्षे अध्यापन करीत आलो आहे. पण ती वाचू लागली आणि विचारणारा भक्त निराळा झाला, उत्तर देणारे स्वामी निराळे झाले. सातशे वर्षांपूर्वीचा एक अंगणातला संवाद आमच्या त्या पंख्याच्या घरघरीत स्वच्छ ऐकू येऊ लागला. तज्ज्ञांनी हातातले पेन खाली ठेवले.

मग मी एक प्रश्न विचारला. त्यात एका शब्दाचा अर्थ मी शब्दकोशातून घेतला होता. ती म्हणाली, "सर, हाच शब्द आणखी दोन लीळांत आलाय, आणि तिथं हा अर्थ बसत नाही." आणि तिने दोन्ही लीळा सांगितल्या. बोलण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. माझे कान मात्र गरम झाले.

ती बाहेर गेल्यावर प्राचार्य म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. पण प्राचीन गद्याला आपले सर आहेतच की. आपलं अडलंय ते व्यावहारिक मराठीला." आणि ते माझ्याकडे पाहू लागले. माझ्या एका शब्दावर सारे होते. तज्ज्ञ तर माझ्या तोंडाकडेच पाहत होते.

मी म्हणालो, "खरं आहे. गरज पाहायला हवी."

तरुण नेमला गेला. त्याने तास उत्तम घेतले. खोटे कशाला बोला. चौदा महिन्यांनी त्याला जाहिरातीच्या धंद्यात दुप्पट पगार मिळाला आणि तो गेला. २०२२ च्या पावसाळ्यात माझा आवाज बसला तो उठेना. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी असल्याचे सांगितले आणि दोन महिने मौन फर्मावले. आता विभागाची गरज कोणती होती? तर एम. ए. च्या मुलांना लीळाचरित्र शिकवील असा माणूस! तो कुठून आणणार? मुलांनी बाजारातल्या मार्गदर्शिका पाठ केल्या.

हे सगळे मला मिलवॉकीत आठवण्याचे कारण नव्हते. पण दुसऱ्या दिवशी भाच्याने जाता जाता माझ्यापुढे एक हकीकत टाकली: "मामा, तुला गरजेची बाजू आवडते ना? मग पिट्सबर्ग वाच. १९८३."

मी वाचले. पिट्सबर्गच्या संघाने सत्तरच्या दशकात बचावफळीच्या जोरावर सहा हंगामांत चार अजिंक्यपदे मिळवली होती. १९८३ पर्यंत ती फळी थकली होती. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये त्यांची पाळी एकविसावी. समोर डॅन मरीनो उपलब्ध होता. हा क्वार्टरबॅक पिट्सबर्गचाच. त्याचे घर, शाळा, विद्यापीठ, सगळे त्याच गावात. पण क्वार्टरबॅक त्यांच्याकडे होता. चारही पदे जिंकून देणारा टेरी ब्रॅडशॉ. त्याच्या कोपरावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती एवढेच. गरज होती बचावफळीत. म्हणून त्यांनी गेब्रिएल रिव्हेरा हा धिप्पाड गडी घेतला. त्यांच्यामागून सहाव्या पाळीला मायामीने मरीनोला उचलले.

ब्रॅडशॉचे कोपर बरे झाले नाही. त्या हंगामात तो एकच सामना खेळला, डिसेंबरात. दोन वेळा अचूक चेंडू फेकून गुण मिळवून दिले आणि हात धरून मैदानाबाहेर गेला, तो कायमचा. रिव्हेराच्या नशिबी त्याहून वाईट होते. ऑक्टोबरात मोटारीला अपघात होऊन तो छातीपासून खाली लुळा झाला. पुढे आयुष्यभर चाकांच्या खुर्चीत राहिला. आणि १९८४ साली मरीनोने एका हंगामात ५०८४ यार्डांची फेक केली. इतकी तोवर कुणीच केली नव्हती. पिट्सबर्गला पुढचे अजिंक्यपद मिळाले २००६ साली. तोही क्वार्टरबॅक त्यांनी २००४ मध्ये घेतला तो, संघाचे मालक डॅन रूनी यांना मरीनोची आठवण छळत होती म्हणून. त्यांनी तसे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

ही हकीकत वाचून मी बराच वेळ गळ्यावर हात ठेवून बसलो होतो. ताईने विचारले, "घसा दुखतोय का रे अजून?"

आता एवढ्यावरून मी भाच्याच्या पक्षात गेलो असे कुणी समजू नये. मरीनो सतरा हंगाम खेळला आणि एकदाही अजिंक्य झाला नाही. एकट्या गुणाने संघ होत नाही, याला त्याच्याइतका मोठा साक्षीदार नाही. डेट्रॉईटचा किस्सा तर भाऊजींनी कात्रण काढून ठेवावे असा. या संघाने २००३, २००४ आणि २००५ अशी लागोपाठ तीन वर्षे पहिल्या फेरीत चेंडू झेलणाराच गडी घेतला. एक वर्ष दम खाऊन २००७ मध्ये पुन्हा झेलणाराच. शेवटचा कॅल्विन जॉन्सन तर खरोखरच अलौकिक निघाला. आणि २००८ मध्ये हा संघ सोळापैकी सोळा सामने हरला! झेलणारे आले, पण फेकणारा आणि अडवणारा कुठे होता?

आणि खुद्द ग्रीन बेचे पाहा. २०२० साली त्यांनी पुन्हा तोच डाव टाकला. रॉजर्स आता मोठा झाला होता, संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता, झेलणाऱ्या गड्याची निकड होती. आणि त्यांनी घेतला जॉर्डन लव्ह हा आणखी एक क्वार्टरबॅक. ते ऐकून आपण पेला भरून दारू ओतून घेतली, असे रॉजर्सनेच नंतर हसत सांगितले. चिडलेल्या रॉजर्सने पुढची दोन वर्षे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पटकावला. पण जानेवारी २०२१ मध्ये अंतिम फेरीच्या दाराशी, आपल्याच मैदानावर, ग्रीन बे पाच गुणांनी हरले. भाऊजी म्हणतात, त्या दिवशी एक झेलणारा कमी पडला. त्यांना खोटे कसे ठरवणार? लव्ह त्या वेळी बाकावर बसला होता.

मला वाटते, या वादातली ग्यानबाची मेख निराळीच आहे. 'गरज' हा शब्द आपण असा उच्चारतो, जणू ती भिंतीवर टांगलेली असते आणि कुणीही जाऊन वाचावी. गरज सांगणारा माणूस असतो, आणि त्या माणसाला स्वतःची एक खुर्ची असते. फार्व्हच्या हातात निवड असती तर त्याने रॉजर्सला घेतले असते का? आपल्या जागी येणाऱ्याला तयार करणे हे आपले काम नव्हे, हे त्याने लपवून ठेवले नव्हते. रॉजर्सला विचारले असते तर तो लव्हचे नाव घेता ना. म्हणून तिथे ही निवड खेळाडूंकडे ठेवीत नाहीत. आमच्याकडे मात्र प्राचीन गद्याच्या जागेची गरज आहे की नाही, हे प्राचीन गद्याच्या प्राध्यापकालाच विचारले गेले.

साठीच्या दशकात डॅलस काउबॉईज या संघाने खेळाडू पारखण्यासाठी संगणक आणला. ते गणित बसवून देणारा संख्याशास्त्रज्ञ होता सलाम कुरेशी, भारतात जन्मलेला. त्याला क्रिकेट ठाऊक, अमेरिकन फुटबॉलचा गंध नाही. त्याने प्रशिक्षकांना विचारून गुण वेगळे काढले: चपळाई, ताकद, जिद्द, तल्लखपणा, स्वभाव, आणि त्यांना आकडे दिले. मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्याची स्वतःची खुर्ची त्या मैदानावर कुठेच नव्हती. याच संघाने १९६४ मध्ये दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबॅकला घेतले होते. हा नौदलाच्या शिक्षणसंस्थेतला मुलगा; पाच वर्षे नौकरीतून सुटणार नाही हे सर्वांना माहीत होते. १९६९ साली तो सुटून आला आणि त्याने दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. पाच वर्षे वाट पाहण्याची ऐपत असली की गुण पाहता येतात. तासिका तत्त्वावर माणसे नेमणाऱ्या आमच्यासारख्यांना पुढच्या सोमवारपलीकडचे दिसत नाही, हेही तितकेच खरे. तेवढी सूट मी स्वतःला देतो. त्याहून जास्त नाही.

मिलवॉकीहून परतल्यावर मी त्या मुलीचा फोन नंबर शोधून काढला. ती स्पर्धा परीक्षा देऊन दुसऱ्या जिल्ह्यात एका सरकारी कचेरीत लागली होती. मी म्हटले, "आमच्याकडे एम. ए. ला लीळाचरित्राचे तास आहेत. शनिवारी येऊ शकाल का?"

"सर, तुम्ही आठवण ठेवलीत!" ती म्हणाली. खरोखर आनंदली होती. "पण इथून पाच तास लागतात. आणि शनिवारी सुट्टी असली तरी आवक-जावक तुंबलेली असते हो."

"वाचन चालू आहे ना?"

"रविवारी. घरचं आवरलं की." मग थोडे थांबून म्हणाली, "सर, तो शब्द मी नंतर आणखी दोन ठिकाणी पाहिला. तुमचा अर्थ एके ठिकाणी बसतो."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. मी ते दुसरे ठिकाण लिहून घेतले.

जानेवारी २०२४ मध्ये भाच्याचा फोन आला. रॉजर्स २०२३ च्या ड्राफ्टच्या आदल्याच दिवशी, फार्व्हसारखाच, न्यू यॉर्क जेट्सकडे गेला होता आणि पहिल्याच सामन्यात चौथ्या डावाला त्याच्या टाचेची शीर तुटली होती. इकडे तीन वर्षे बाकावर बसलेल्या लव्हने ग्रीन बेला बाद फेरीत नेले आणि डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे हरवले. "बाबांना फोन देतो," भाचा म्हणाला. भाऊजी फोनवर आले आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. पण झेलणारे गडीही यंदा आहेत, हे विसरू नकोस."

पुढच्या जूनमध्ये आमच्या विभागात पुन्हा एक जागा निघाली. जाहिरातीसाठी भरायचा छापील तक्ता माझ्या टेबलावर आला. त्यात विषय, तासिका, आरक्षण आणि शेवटी 'आवश्यक विशेष अभ्यासक्षेत्र' असा रकाना. बाकीचे सगळे भरले. तेवढा एक रकाना मी कोरा ठेवून तक्ता कार्यालयात पाठवला. अर्ध्या तासाने कारकून तो घेऊन परत आला.

"सर, हा रकाना राहिला."

"राहिला नाही. तसाच ठेवलाय."

"कोरा चालत नाही, सर," तो म्हणाला, आणि खिशातले पेन काढून, टोपण उघडून, त्याने माझ्यापुढे धरले.